एका माइकचा डबा

डॉक्टर बोलत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते. काचेचं होतं, आत निळं फूल. आईच्या गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागेल, असं ते सांगत होते. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आई माझ्या शेजारी बसली होती, पण त्यांचे निम्मे शब्द इंग्रजी होते. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणला?"

"ऑपरेशन करायचंय. मग तुला बोलता येणार नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून नाशिकच्या स्टँडकडं चालायला लागली. मीही मागून निघाले. मला वाटलं होतं गाडीत तरी रडू येईल. त्र्यंबक गेलं, मोखाडा गेलं, जव्हार आलं, पण कशाचा पत्ता नाही. आत सगळं बधिर झालं होतं, दात काढायच्या आधी हिरडी होते तसं. लोक म्हणतात, बाई कठीण काळजाची. म्हणू देत.

आई गायची. रेडिओवर गातात तसं नव्हे. मोखाड्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे, तिथं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी येणारी जाणती बाई. ती गाण्यांनीच लग्न लावते. आमच्या पाड्याची धवलेरी म्हणजे माझी आत्या, आणि तिच्या शेजारी बसून झील धरणारी माझी आई. आत्या ओळ टाकायची, आई ती उचलायची. दोघी अशा रात्रभर गायच्या आणि सकाळी आपापल्या शेतावर जायच्या. आत्या आदल्या पावसाळ्यात वारली. आईचा आवाज आता जाणार होता.

मी लहानपणापासून आश्रमशाळेत, नंतर वसतिगृहात, नंतर जव्हारला शिक्षिकेच्या नोकरीत. गाणी माझ्या कानात होती, तोंडात नव्हती. म्हणून ठरवलं, ऑपरेशनच्या आधी आईचा आवाज धरून ठेवायचा. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं, आणि हाताला काम लागतंच.

आधी मोबाइलवर घेऊन बघितलं. आई बोलली ती पिंपात बसून बोलल्यासारखी आली. मग घरच्या कॉम्प्युटरला मागं माइकचं भोक असतं, त्यात साधा माइक खुपसला. आईपेक्षा पंख्याची घरघर जास्त. पुढच्या तपासणीला नाशिकला गेलो तेव्हा आईला रक्त द्यायच्या रांगेत बसवलं आणि मी वाद्यांच्या दुकानात गेले.

दुकानदार पेटीवाल्या गिऱ्हाइकात अडकला होता. मोकळा झाल्यावर त्यानं मला समजावलं. चांगला माइक सरळ कॉम्प्युटरला लावायचा नसतो, मधे एक यंत्र लागतं. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ते माइकला वीज पुरवतं, आवाज वाढवतं आणि यूएसबीच्या वायरनं स्वच्छ आत सोडतं. त्यानं काचेवर तीन डबे मांडले. एक मोठा, दिव्यांनी भरलेला. बघूनच कळलं, नाकापेक्षा मोती जड. एक प्लास्टिकचा, त्याचं बटण आताच डगमगत होतं. उरला तो मधला. त्यात दोन प्रकार होते, एका माइकचा आणि दोन माइकचा.

"मॅडम, दोनचा घ्या," तो म्हणाला. "थोडाच फरक आहे. पुढं कामी येईल. दोन आवाज वेगवेगळे ठेवता येतात."

"पुढं काही नाही," मी म्हटलं. "गाणारी एकच आहे."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला त्याचं बघणं आवडलं नाही. म्हटलं, "बांधा एकचा." त्यानं तो आणि एक चांगला माइक बांधून दिला. परतीच्या गाडीत ती पिशवी आईच्या मांडीवर होती. "यात काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझा आवाज ठेवायचा डबा." ती म्हणाली, "एवढाच?"

जव्हारच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी तयारी केली. भिंतींना गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. शेजारणीला विनवून तिचा कोंबडा डालग्याखाली झाकायला लावला. लोडशेडिंगचे दिवस होते, वीज सकाळची तेवढीच भरवशाची. माइक उभा केला, डब्याचं बटण हळूहळू फिरवलं, हिरवा दिवा लागला. आईनं आधी वाटीत तांदूळ मागितले आणि दिवा लावायला सांगितला. लग्न नसताना लग्नाचं गाणं म्हणायचं, तर देवाला सांगून म्हणायचं. मी दोन्ही दिलं. ती मांडी घालून बसली.

"म्हण," मी म्हटलं.

आईनं वाटीतले तांदूळ बोटांनी सारखे केले.

"म्हण ना, चालू आहे."

तिनं पदर सारखा केला, दिव्याकडं बघितलं, घसा साफ केला. मग म्हणाली, "मना पयली ओळ नाय येत."

मला वाटलं विसरली. मी म्हटलं, आठव, घाई नाही. ती चिडली. आई क्वचित चिडायची. "आठवायचं काय त्यात? सगळी पाठ हाय. पण पयली माझी नाय. ती तुझ्या आत्याची. मी मागनं धरायची."

"मग तू आज पहिली म्हण. कोण बघतंय?"

"तशी निघत नाय," ती म्हणाली. खरंच प्रयत्न केला तिनं. तोंड उघडलं आणि मिटलं. सगळा जन्म तिनं दुसरीनं टाकलेली ओळ उचलली होती. कुणी टाकल्याशिवाय तिच्या गळ्यातून काही येतच नव्हतं. घरादारानं आणि मीसुद्धा कायम म्हटलं, आई गाते. ती एकटी कधीच गायली नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रत्येक ओळीत शेवटी तिचाच आवाज कानात राहायचा, म्हणून असेल.

मी विचारलं, "मग आता?"

"तू टाक," ती म्हणाली.

मी शाळेत प्रार्थना सांगते तेव्हा पोरं हसू दाबतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिला म्हटलं, माझा गळा तुला माहीत आहे. ती म्हणाली, गळा नको, ओळ टाक. मग कानात होतं तेच बाहेर काढलं, "वरच्या डोंगरी कोण उभं ग..." आणि माझी ओळ संपायच्या आत आईनं ती उचलली. आवाज घोगरा झाला होता, पण पुरा होता. खोलीतली हवा जड झाली. मी पुढची ओळ चाचपडले, चुकले, थांबले. आईनं मांडीवर थाप मारली. थांबायचं नाही, पुढं. मी पुढची टाकली. माइक एकच, म्हणून दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. मला तिच्या श्वासाला औषधांचा वास येत होता. वीज जाईपर्यंत गात राहिलो. वीज गेली तेव्हा आई म्हणाली, "आत्या बरी टाकायची." मी म्हटलं, माहीत आहे.

आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं. आई वाचली. गळ्याला खाली एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घ्यायची. लोक भेटायला आले, रडले, चहा पिऊन गेले. मी चहा केला. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं, आणि त्याची आता सवय झाली होती.

आई घरी आल्यावर मी रेकॉर्डिंग ऐकलं. ते ऐकवेना, तिच्यामुळं नव्हे, माझ्यामुळं. प्रत्येक ओळीला आधी मी, बेसूर, मास्तरणीच्या आवाजात. मग आई. ठरवलं, मला कापून टाकायचं. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते, त्यातला माझा तुकडा निवडायचा आणि काढायचा, सोपं काम. पण आई माझी ओळ संपायच्या आत उचलत होती. मला कापलं की तिचाही पहिला शब्द तुटायचा. तिचा वाचवला की माझी शेपटी उरायची. दोन माइक असते तर निदान दोघी वेगवेगळ्या रेघांवर असतो. दुकानदाराचं ते बघणं आठवलं. शेवटी मी निष्ठुरपणे कापलं. तिचे तुटके शब्द चालतील, पण मी नको.

एका सकाळी तिला ते लावून दिलं. म्हटलं, "ऐक, फक्त तू आहेस."

आई ऐकत बसली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. एका ओळीमागं दुसरी, मधे काही नाही. परक्या बाईचं ऐकावं तसं ती ऐकत होती. मग तिनं हात हलवला, बंद कर. मी बंद केलं. तिनं माझ्याकडं बोट केलं, मग माझ्या तोंडाकडं. मी समजले नाही. तिनं वैतागून मांडीवर थाप मारली.

मग समजले. मी ओळ टाकली, "वरच्या डोंगरी कोण उभं ग..."

ओळ संपायच्या आत आईचे ओठ उघडले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, पण ती बरोबर तिथंच आली जिथं ती कायम उचलायची. तिनं अख्खी ओळ तशी म्हटली. मी तेवढा वेळ गप्प राहिले, तिची जागा तिला दिली. मग दुसरी ओळ घ्यायला गेले आणि माझा आवाज फुटला. नाशिकच्या त्या टेबलापासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. मला ओळ पुढं नेता येईना.

आईनं मांडीवर थाप मारली.

मी पुढची ओळ टाकली.