काकांच्या गालातलं केंद्रक

मी घाटकोपरच्या एका ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. नोकरी नवी होती तेव्हा प्रॅक्टिकलची भारी धास्ती वाटायची, म्हणून परवानगी काढून कॉलेजचा एक जुना मायक्रोस्कोप घरी आणला आणि रविवारी सरावाला बसले. गाल आतून टूथपिकने हलकेच खरवडायचा, काचेवर लावून निळा रंग टाकायचा, की पेशी दिसतात.

आईने गाल द्यायला साफ नकार दिला. राहिले काका. गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवून थकलेले, देवालाही मालवणीत शिव्या घालणारे.

"उजवो घे. डाव्यात माल आसा," ते म्हणाले. माल म्हणजे तंबाखू.

भिंगातून बघितल्यावर त्यांनी विचारलं, "प्रत्येकाच्या मधे ह्यो ठिपको कसलो?"

"केंद्रक. सगळा कारभार त्याच्या सूचनेवर चालतो. पेशीने काय बनवायचं, एकीच्या दोन कधी व्हायचं, कधी थांबायचं."

"म्हणजे आमची वैनी!"

"ऐकू येतंय मला," स्वयंपाकघरातून आई.

मला आणखी एक नमुना हवा होता. काकांनी कुरकुरत चूळ भरली. मोबाईलचा टॉर्च धरून डाव्या गालात बघितलं तर आत पांढरट, खरखरीत चट्टा.

"हे कधीपासून?"

"चुन्यान भाजला असतला. तू तुझो ठिपको बघ."

दुसऱ्याच दिवशी त्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चट्ट्याचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "अजून कॅन्सर नाही, पण वाट तिकडचीच आहे. इथल्या पेशींची केंद्रकं नको तेवढी मोठी आणि काळपट झालीयत. सूचना बिघडल्या, की पेशी गरज नसताना वाढत सुटतात."

"म्हणजे ठिपक्याक माज इलो."

"अगदी. आणि तो तुमच्या तंबाखूने आणला."

परतताना रिक्षावाल्याने उगाच लांबचा रस्ता घेतला, तरी काका एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

चट्टा काढून टाकला. तंबाखू सुटली, पण त्या महिन्यात घरातलं कोणीच सुटलं नाही. बडीशेप चघळत काका टीव्हीशी, पंख्याशी, माझ्याशी भांडायचे. "सगळा शरीर सोडून त्या टिकलीएवढ्या हरामखोराक सांभाळूचा!" आई म्हणायची, "तोंड बरं झालंय हो, एकदम बरं."

पुढच्या तपासणीत गाल स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी तिखट खायची परवानगी दिली त्या दुपारी आईने बांगड्याचं झणझणीत तिखलं केलं. पहिल्याच घासाला काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईने घाईघाईने ताट ओढलं, तर त्यांनी तिचा हात धरला.

"वैनी, ताटाक हात लावशाल तर बघा."