घरातल्या दोन एकादश्या

एकादशी एकाच दिवशी आली की आमच्या घरात शांतता असे. कॅलेंडरात स्मार्त आणि भागवत अशा लागोपाठ दोन छापून आल्या की घराचे दोन पक्ष पडत. बाबा स्मार्त, आणि पक्के अद्वैतवाले. देव आणि आपण एकच, दोन असं काही नाहीच, हा त्यांचा ठेका. आई माध्व घरातली. देव तो देव, माणूस तो माणूस, आणि हा भेद कधीच मिटत नाही, असं ती माहेराहून शिकून आलेली. लग्नानंतर बायका सासरची एकादशी धरतात. आईने धरली नाही. पहिल्या दिवशी बाबांचा उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळी, दाण्याची आमटी. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण बहुधा त्यांना बघूनच निघाली असावी. दुसऱ्या दिवशी आईचा. तिच्या तोंडात दिवसभर पाण्याचा थेंबही नसे, पण बाबांचा वरणभात वेळेवर होई.

बाबा बडोद्याला, बाजव्याजवळच्या रिफायनरीत होते. रविवारी सुट्टी मिळाली की मांडवीतल्या एका देवळात वेदान्ताच्या वर्गाला जात. तिथून आले की रंगात येऊन आईला सांगत, तू आणि मी हे नुसतं दिसतं, मुळात दोन नाहीतच. एकदा आई म्हणाली, "बरं झालं. मग दळण मी आणलं काय नि तुम्ही आणलं काय." बाबा मुकाट्याने डबा घेऊन गिरणीवर गेले.

ज्या वर्षी आमच्या सोसायटीत केबल आलं आणि मला अलकापुरीत ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी लागली, त्याच वर्षी थोड्याशा दुखण्याने आई गेली. मला काही वाटलं नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. सुतकात शेजारच्या गुजराती मासी खिचडी-कढी आणून देत, "बेटा, थोडुं जमी ले" म्हणत, आणि मी जेवत असे. नंतर ऑफिसला जाऊ लागले. बडोद्यातली माणसं नुकतीच हौसेने सिंगापूरला निघायला लागली होती. मी त्यांची तिकिटं काढत होते, हसून बोलत होते.

बाबाही रडले नाहीत. वर्गातली मंडळी भेटायला आली तेव्हा त्यांना शांतपणे म्हणाले, "गेलं कोण? येणं-जाणं शरीराचं." मंडळींनी कौतुकाने माना हलवल्या. मला मात्र संताप आला. त्या महिन्यांत मला जाणवलेली तेवढी एकच गोष्ट. ज्याची बायको गेली आहे अशा माणसासारखं यांनी एकदा तरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. मला जमत नव्हतं, निदान त्यांना तरी जमावं.

काही महिन्यांनी पुन्हा लागोपाठ दोन एकादश्या आल्या. पहिल्या दिवशी मी खिचडी केली, बाबांनी ती पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा परत केला. पोट बिघडलं असेल असं मला वाटलं. रविवार होता, मी घरीच होते. दुपारी दोघांची पानं घेतली, वरणभात वाढला, तर ते पानावर बसले पण हात लावीनात.

"तुमचा उपास काल झाला ना?"

"काल माझा झाला. आज तिचा आहे."

मी मुद्दाम टोचून विचारलं, "पण दोन नाहीतच म्हणता ना तुम्ही?"

"नाहीतच. म्हणून तर मला करायला हवा."

वर्गात हे वाक्य सांगितलं असतं तर मंडळींनी पुन्हा माना हलवल्या असत्या. भाताची वाफ जिरत चालली होती. बाबा पानाकडेच बघत म्हणाले, "सकाळपासून बघतोय. भूक मला एकट्यालाच लागते आहे गं."

त्यांच्या तोंडून जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं. आता मला रडू यायला हवं होतं. मी वाट पाहिली, ते आलं नाही. मग त्यांचं पान बाजूला सारलं आणि त्यांच्यासमोर बसून जेवले.