राहून गेलेली माकडं

फोन नीट कानाजवळ धर गं पोरी, अन् नुसतं ‘हो हो’ करून टाळू नको; दिवाळीपासून तोंड दाखवलं नाहीस. आत्ता संत्रं सोललं अन् त्या वासासरशी नागपूरचं चिडियाघर आठवलं. तू पाच वर्षांची होतीस. आपल्या संत्र्याच्या बगीच्यातली माकडं हाकलून हाकलून मी पार थकले होते, तरी तुझ्या हट्टापायी सौंसरहून बस धरली. तिथं सारे वाघाकडे धावले, अन् तू माकडांच्या पिंजऱ्यापुढंच थांबलीस. ‘माय, या माकडायले पाहू दे ना थोडं.’ मी म्हटलं, ‘सालभर यायलेच हाकलू, अन् तिकीट काढूनही यायलेच पाहू? चल, कासव पाहू. ते कोणाच्या बगीच्यात शिरत नाही.’ तू मुकाट्यानं आलीस. त्या न हलणाऱ्या कासवापुढं सावलीत मी बसल्या बसल्या झोपले. जागी झाले तर बसची वेळ झालेली, अन् तू माझा पदर धरून तशीच बसलेली. तुझी माकडं राहूनच गेली. आता माझ्यानं हाकलणं होत नाही. दुपारी ती अंगणात येऊन बसून राहतात, मीही बसू देते. तेवढी पाहायला तरी लवकर ये.