कमलाबाईंची साफ बाटली

पुलगावच्या शाळेतून निवृत्त झालो आणि घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा वर्ध्याबाहेरच्या प्राणी-आसऱ्यात वही लिहायला जाऊ लागलो. जखमी माकडं, घारी, कासवं तिथे येतात. त्यांना खाऊ घालणं, पिंजरे धुणं, औषध पाजणं हे सगळं कमलाबाई करतात. मी खुर्चीवर बसून कोणी काय खाल्लं ते लिहितो. कामाची वाटणी अशी आहे, आणि पाच वर्षं ती मला अगदी योग्य वाटत होती.

कमलाबाई पन्नाशीच्या, सातवी शिकलेल्या. त्यांच्या आज्याने छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढणं त्याच दिवशी सोडलं, हे त्या मान वर करून सांगतात. मग तूच काऊन जनावरांची घाण काढतेस, असं जाऊ हिणवते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: लादलेलं काम वेगळं, पगार घेऊन केलेलं वेगळं. त्यांनी धुतलेल्या पिंजऱ्यात ताट मांडून जेवावं.

दोन वर्षांपूर्वी वन खात्याने आमच्याकडे एक सरडा आणून दिला. साधा नव्हे, रंग बदलणारा, डोळे दोन दिशांना फिरवणारा. जाम गावच्या चौकात एका हॉटेलवाल्याने तो गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी तारेने बांधून पाळला होता. तारेने मागचा पाय कायमचा गेला, त्यामुळे झाडावर सोडण्याची सोय राहिली नाही. पेन्शनर माणसासारखा दर पावलाला डुलत, विचार करत चालतो म्हणून कमलाबाईंनी त्याचं नाव अण्णाजी ठेवलं. मी तिथेच बसलो होतो, पण हसलो.

वन खात्याची अट होती की दर तीन महिन्यांनी त्याची विष्ठा तपासून घ्यायची. असे प्राणी आजार लपवतात. पोटात जंतांचं बिऱ्हाड असलं तरी वरून ठणठणीत दिसतात, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कमलाबाई बाटली भरायच्या, मी स्कूटरवरून डॉक्टर मयुरी मॅडमच्या दवाखान्यात पोचवायचो. तिथला मदतनीस बाटलीत येईल ते काचेवर लावून बघायचा. प्रत्येक वेळी तोच शेरा यायचा: जंत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अण्णाजी वाळत चालले. भर दिवसा डोळे मिटून बसायचे, नाकतोडा समोर नाचला तरी जीभ बाहेर काढत नव्हते. कमलाबाईंचंही जेवणावरून मन उडालं. मी बाटली नेली आणि मॅडमना म्हणालो, या वेळी तुम्ही स्वतः बघा.

त्यांनी झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाटलीत पांढरे खडे होते. सरड्याची लघवी अशी खड्यासारखी पडते, विष्ठा तिच्याबरोबरची काळी असते आणि जंतांची अंडी त्या काळ्यातच सापडतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे इतके दिवस आम्ही लघवी तपासत होतो.

मी तणतणत परतलो. कमलाबाई शांतपणे म्हणाल्या की काळं त्या फेकून देतात, वास येतो. मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. जुनी खोड आहे. त्या पिंजऱ्याखालचा ट्रे धूत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या काळं-पांढरं सगळं घेऊन माझ्यामागे स्कूटरवर बसल्या. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून त्यांनाही दाखवलं. अंडीच अंडी होती. कमलाबाईंनी पदराने डोळे पुसले. औषध सुरू झालं, पण अण्णाजी वाचतील असं मॅडम छातीठोकपणे सांगू शकल्या नाहीत.

इकडे वही वन खात्याकडे जायची होती. मी ठळक अक्षरात लिहिलं: 'कर्मचारी कमलाबाई यांच्या अज्ञानामुळे नमुने सदोष.' अशा ओळीने माणसाची नोकरी जाते, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं, कारण खरं ते लिहावं, असं मी जन्मभर मुलांना शिकवलं होतं.

त्यांनी ती ओळ वाचली. बोट ठेवून, हळूहळू.

"सर, पयल्या खेपेले म्या काळंच देल्लं होतं," त्या म्हणाल्या. "तुमी नाकाले रुमाल लावला. तुमीच म्हटलं, बाई, जरा साफ देत जा, मले गाडीवर न्या लागते."

मला आठवलं. रुमाल, त्याला लावलेलं अत्तर, आणि त्यानंतर बाटलीकडे कधीच न पाहता ती दोन पिशव्यांत गुंडाळून नेणारा मी.

"तवाच काऊन नाई सांगितलं, का काळंच न्या लागते?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"आमच्या हातच्या वस्तूले कोणी नाक मुरडलं, का आमी ती अजून धुतो, सर. आज्यापासून तेच करत आलो."

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'नमुने माझ्या सांगण्यावरून सदोष.' सही केली. त्यांनी तीही ओळ बोट ठेवून वाचली, वही मिटली आणि अण्णाजींना औषध पाजायला निघाल्या. मी रुमाल टेबलावर ठेवून त्यांच्या मागे गेलो आणि पिंजऱ्याखालचा ट्रे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बाहेर ओढला.