एका झाडाला एकच घर

मनकर्णाबाईच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. जीभ तिखट आणि नजरेत सदा संशय. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला नाल्याकाठचं एकुलतं एक मोहाचं झाड उरलं होतं, आणि लेक दिव्यानीचं अकरावी सायन्स त्याच्याच फुलांवर चाललं होतं.

गावाची रीत अशी, की फुलं गळायच्या आधी जो झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतो, त्याचं झाड. यंदा मनकर्णाबाई तापाने अंथरुणाला खिळली आणि तिच्या दिराने, लच्छूने, गुपचूप जाऊन पाला जाळला. सख्ख्या भावाच्या विधवेला लुबाडताना मेल्याला लाज वाटली नाही.

देवाजी पाटलाच्या अंगणात पंचांची बैठक बसली.

"याले चार झाडं हायेत. पाचवं याचं कसं होईन?" मनकर्णाबाई कडाडली.

दिव्यानीला राहवलं नाही. "आई, तसं नाई. झाडाकडून पाह्यलं, तं एका झाडाले एकच घर. ते गणितातलं फंक्शन झालं. उलटं घराकडून पाह्यलं, तं एका घराले कितीबी झाडं. ते फंक्शन नाई. काकाचे चार हायेत म्हणून पाचवं होत नाई, असं म्हणता येत नाई."

लच्छू खदाखदा हसला. "घ्या! पोरगीच माह्या बाजूनं!"

"आग लाव तुह्या पुस्तकाले," आई दातओठ खात म्हणाली.

देवाजीला कटकट नको होती. "अर्धं अर्धं वेचा. झाड दोघायचं." लच्छूने लगेच मान डोलावली, फुकटचं अर्धं कुणाला नको असतं? पण मनकर्णाबाई उठून उभी राहिली.

"एका झाडाले दोन घरं? बरं. उद्या मी पाटलाच्या झाडाखाली पाला जाळीन. परवा तुमच्या. मंग सगळेच अर्धं अर्धं खाऊ."

ही बाई खरंच आगपेटी घेऊन फिरेल, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रत्येक पंचाला आपापलं झाड आठवलं. देवाजी खाकरला. "झाड मनकर्णाबाईचं."

वाटेत दिव्यानी खुशीत म्हणाली, "आई, तू माहीच गोष्ट सांगितली!"

मनकर्णाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "मायले लेकरं कितीबी असतात. लेकराले माय एकच असते. चार लोकांत बोलताना हे ध्यानात ठेवत जाय."