युनिफॉर्मवर जांभळाची बीअर
गेल्या खंडेनवमीच्या दुपारी चाकणच्या एका बारच्या दारात माझ्या मैत्रिणीचा अपमान झाला. कंपनीत मशीनची पूजा आटोपून, युनिफॉर्मवरच, कपाळावरच्या कुंकवासकट आम्ही तिथंच बनणारी जांभळाची बीअर चाखायला गेलो होतो. "युनिफॉर्मवर एंट्री नाही," दारावरचा माणूस म्हणाला. "अन् ह्यांच्या गळ्यातले पट्टे चालतात व्हय?" तिनं रांगेत मागं उभ्या, गळ्यात आयकार्ड अडकवलेल्या आयटीवाल्यांकडे बोट केलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "ताईंना सोडत नसाल तर आम्हीही परत जातो, भाऊ." मागची सगळी रांग वळायला लागली, तेव्हा कुठं दार उघडलं. आत भाजक्या धान्याचा वास, गार ग्लास, जांभळट फेस. "कडू हाय राव, पण अजून एक सांग!" ती हसली. आज घरी तसलीच बाटली उघडलीय आणि तुम्हाला सांगतोय: तुमच्यापुढच्याला कपड्यांवरून अडवलं, तर तुम्हीही आत पाऊल टाकू नका.