होडीचं तेल आणि गाडीचा एसी

“गॅस संपलाय, बाकी काय न्हाय. भर आन् सोड मना,” धर्मा नाखवा म्हणाले.

अलिबागला गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, आणि हे वाक्य मी रोज ऐकतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. कमी झाला, तर कुठेतरी गळतोय.

पण नाखवांना घाई होती. हॉस्पिटलातून त्यांची बाळंतीण लेक दुपारी घरी यायची होती. पहिली नात एसीतून आणणार, असं त्यांनी अख्ख्या कोळीवाड्याला सांगून ठेवलेलं. मे महिना, आणि गाडीत नुसती भट्टी.

दाब बघायला गेज लावला. काटा थेट लाल पट्ट्यात.

“नाखवा, गॅस कमी नाही, जास्त आहे! कुठे भरलात?”

“नाक्यावर. गार व्हईना, म्हणून परत भरला.”

पुढची जाळी उघडली. तिच्यामागे कंडेन्सर असतो. गॅस आपली उष्णता तिथे वाऱ्याला देतो. इथे कंडेन्सरच काळा, चिकट, वर वाळूचा थर. वारा शिरणार कुठून?

“हे काय फासलंय?”

“तेल. होडीच्या लाकडाला लावतो तंच. खाऱ्या वाऱ्यानं सडतंय ना समदं!”

मला रागही आला आणि हसूही. खाऱ्या हवेने कंडेन्सर सडतात, हे अगदी खरं. माणसाने फक्त गाडीला होडी समजून माया केली होती.

शाम्पूने कंडेन्सर जपून धुतला. त्याच्या पात्या नखानेही वाकतात. मग मशीन लावून सगळा गॅस काढून घेतला.

“अरं, भरायला आनली गाडी, तू काढतंस?” नाखवांचा चेहरा उतरला.

कंपनीने ठरवलंय तेवढाच गॅस वजन करून भरला. गार वारा सुटला. नाखवांनी त्यात तोंड धरलं आणि वाटेत बिघडायला नको म्हणून मलाही गाडीत घातलं.

हॉस्पिटलच्या दारात कान बांधलेली लेक आणि दुपट्यातली नात मागे बसल्या. शेजारी नाखवीण. तिने वाऱ्यासमोर हात धरला.

“बंद करा आधी ता! पोरीला सर्दी व्हईल.”

नाखवांनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. मी काच खाली घ्यायला गेलो.

“काच नको. वारं लागंल.”

घामाने निथळत आम्ही कोळीवाड्यात पोचलो. हल्ली घाईचं गिऱ्हाईक आलं की गेज लावण्याआधी मी एवढंच विचारतो, “मागच्या सीटवर कोण बसणार आहे?”